मिरची दहा टक्के कमी केली तर गिऱ्हाइकाला कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला मिसळीचं दुकान, मसाला स्वतःच कांडून आणतात, मिरची महागली म्हणून मसाल्यातली मिरची १० टक्क्यांनी कमी केली, दुकानातल्या पाच जणांना चाखायला दिलं तर कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, पण पंधरा दिवसांत नेहमीची गिऱ्हाइकं म्हणायला लागली की चव बदललीय. तर ताई, माणसाला कमीत कमी किती टक्के फरक कळतो तो आकडा सांगा, म्हणजे पुढचे बदल त्याच्या आत बसवता येतील.

ताई म्हणालात म्हणून मोकळेपणाने लिहिते, आणि लांब होईल, कारण या एका आकड्यावर विसंबून मी चांगला माल बिघडलेला बघितलाय. एकोणीस वर्षं हेच काम करतेय, आधी दिंडोरीकडे एका वायनरीत चाखणाऱ्यांचं पॅनल सांभाळायचे, आता अंबड एमआयडीसीत मसाले आणि लोणच्यांसाठी तेच करते. रोज सकाळी साडेदहाला बारा माणसं येऊन बसतात, चहा-तंबाखू काही न घेता, आणि मी त्यांच्यासमोर छोट्या वाट्या ठेवते. बाकी सगळं काम म्हणजे त्या वाट्यांमध्ये काय आहे हे त्यांना कळू न देणं.

आकडा आहे. जर्मनीत लाइपझिगला अर्न्स्ट वेबर म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी १८३४ साली स्पर्श आणि वजनावरचे प्रयोग छापले, त्यातून आलेली गोष्ट आजही टिकून आहे. फरक कळतो की नाही हे किती ग्रॅम वाढले यावर ठरत नाही, आधी जेवढं होतं त्याच्या कितवा हिस्सा वाढला यावर ठरतं. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुनी भाजीवाली बघा, दोन गड्ड्या हातात घेऊन जरा खालीवर झेलते आणि सांगते ही जड आहे. अर्धा किलोच्या मालात दहावीस ग्रॅमचा फरक तिला कळेल, पण दहा किलोच्या पिशवीत तेच दहावीस ग्रॅम टाकले तर तिलाच काय कुणालाच कळणार नाही. आणि ती झेलते ते उगाच नाही, हात हलवून वजन घेतलं की नुसतं तळहातावर ठेवण्यापेक्षा बारीक फरक कळतो हेही वेबरनी तेव्हाच नोंदवलंय. पुढे गुस्ताव फेक्नर यांनी १८६० मध्ये यावर अख्खं शास्त्र उभं केलं, आणि या किमान फरकाला आमच्या धंद्यात जेएनडी म्हणतात, म्हणजे जस्ट नोटिसेबल डिफरन्स, जेमतेम कळणारा फरक.

उचललेल्या वजनासाठी पुस्तकात साधारण २ टक्के सापडतील, रेघेच्या लांबीसाठी ३ च्या आसपास, उजेडासाठी ८, खारटपणासाठीही ८ च्या आसपास. सुराच्या बाबतीत कान फारच तयार असतो, १००० हर्ट्झच्या आसपास दोनतीन हर्ट्झ म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक बऱ्याच लोकांना कळतो, म्हणून तानपुरा जरासा उतरला तरी गाणाऱ्याला चैन पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल मग खारटपणाला ८ तर तिखटाला १०-१२ धरू आणि त्याच्या आत खेळू. इथेच सगळे चुकतात.

पहिली गोष्ट, तो आकडा म्हणजे भिंत नाही की अलीकडे काहीच कळत नाही आणि पलीकडे सगळं कळतं. दोन वाट्या ठेवल्या आणि कुठली जास्त खारट असं विचारलं तर डोळे मिटून बोट ठेवणाराही १०० पैकी ५० वेळा बरोबर येतो. ज्या फरकाला लोक १०० पैकी ७५ वेळा बरोबर येतात त्याला आम्ही जेएनडी म्हणतो, आणि हे ७५ आम्हीच सोयीसाठी ठरवलेलं आहे. त्याच्या निम्म्या फरकालाही लोक ५० च्या वरच असतात, ६०-६२ वगैरे. तुमच्या दुकानात रोज दीडदोनशे प्लेट जात असतील, त्यातले कित्येक जण दर रविवारी येणारे, तोच माणूस वर्षात पन्नास वेळा तीच मिसळ खातो. शंभरात साठ वेळा कळणारा फरक एका बैठकीत लपतो, पन्नास बैठकांत लपत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा लॅबमधला आहे, स्वच्छ पाण्यात विरघळवलेल्या मिठाचा. मिसळीच्या रश्श्यात कांदा, खोबरं, लवंग, दगडफूल, तेल, मटकीचं पाणी, एवढ्या गर्दीत मीठ इकडेतिकडे झालं तर साधारणपणे पाण्यापेक्षा जास्त फरक लागतो. आणि पदार्थ जितका फिका तितकं हे वेबरचं प्रमाण बिघडत जातं, एकदम हलक्या चवीला टक्केवारीत खूप मोठा बदल करावा लागतो तेव्हा कुठे तो जाणवतो. म्हणून दगडफुलाचं आणि मिरचीचं गणित एकाच टक्क्यात मांडू नका.

थोडं मूळ मुद्द्यापासून लांब जाते पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे तीन वेगवेगळ्या पायऱ्या असतात. एक, काहीतरी आहे एवढंच कळणं. दोन, काय आहे ते ओळखू येणं. तीन, दोन नमुन्यांत कमीजास्त कळणं. लोक या तिन्हींची सरमिसळ करतात. पहिल्या पायरीवर आपली इंद्रियं इतकी तल्लख आहेत की माझा अजूनही विश्वास बसत नाही. पूर्ण अंधारात डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचे पाच ते चौदा कण जरी पकडले गेले तरी माणसाला चमक दिसते हे १९४२ साली हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी दाखवलं. स्वीडनच्या २०१३ च्या प्रयोगात लोकांनी बोट फिरवून १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि अगदी सपाट पृष्ठभाग यातला फरक ओळखला, डोळ्याला तर ते दिसणंच शक्य नाही. अंबडच्या वर्कशॉपमधला ग्राइंडिंगवाला जॉबवरून नख फिरवून फिनिश बिघडलंय असं सांगतो तेव्हा नवीन इंजिनियर पोरं मीटर आणायला पळतात, पण त्या नखावर मी तरी विश्वास ठेवते.

आणि वास. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दिंडोरी रोडला जो मातीचा वास येतो त्यातला मुख्य पदार्थ जिओस्मिन, मातीतले जिवाणू तो बनवतात. पाण्यात लिटरला ५ ते १० नॅनोग्रॅम असला तरी तयार नाकाला कळतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा हिस्सा, पण तो किती हे डोक्यात बसत नाही म्हणून मी नव्या पॅनलला आपल्या गंगापूर धरणाचं गणित घालते. धरण पूर्ण भरलं की साधारण ५६३० दशलक्ष घनफूट पाणी, म्हणजे जवळजवळ १६ हजार कोटी लिटर. लिटरला ५ नॅनोग्रॅम हिशोबाने एवढ्या सगळ्या पाण्याला मातीचा वास यायला जिओस्मिन लागेल फक्त ८०० ग्रॅमच्या आसपास. अख्खं धरण आणि किलोभरसुद्धा नाही. पण हेच नाक, पाण्यातलं जिओस्मिन ५ चं साडेपाच झालं तर ते सांगू शकेल याची मी अजिबात खात्री देणार नाही. आहे-नाही सांगण्यात उस्ताद असलेलं इंद्रिय कमी-जास्त सांगण्यात उस्ताद असेलच असं नाही.

माणसामाणसातला फरक तर याहून मोठा आहे. वायनरीत आमच्या पॅनलवर एक मावशी होत्या, मूळच्या लेबल लावायच्या लाइनवरच्या, वाइन स्वतः कधी पीत नसत, चाखून थुंकायच्या. बुचामुळे वाइनला कधीकधी ओल्या गोणपाटासारखा, बंद खोलीसारखा वास लागतो, टीसीए नावाचा पदार्थ असतो, तोही लिटरला काही नॅनोग्रॅमच्या घरात पकडला जातो. एका लॉटबद्दल त्या म्हणाल्या, ताई, याला पावसाळ्यात न वाळलेल्या पोत्याचा वास आहे. वाइनमेकर म्हणाले नाही, मला नाही येत. मी तीन ग्लास ठेवले, दोन एका बाटलीतले, एक दुसऱ्या. त्यांनी वेगळा ग्लास बरोबर उचलला. परत मांडले, परत बरोबर. असं पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. नशिबाने असं व्हायची शक्यता २४३ मध्ये एक. लॉट थांबवला, नमुना लॅबला गेला, रिपोर्ट मावशींच्या बाजूने आला.

पण त्याच मावशींना शिराज वाइनमधला काळ्या मिरीचा वास आयुष्यात कधी आला नाही. तो वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा, हे ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये कळलं, खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. रेड वाइनमध्ये तो लिटरला साधारण १६ नॅनोग्रॅमला लोकांना कळायला लागतो, आणि पाचातल्या एकाला तर त्याच्या शेकडो पट केला तरी पाण्यातसुद्धा येत नाही. मी मावशींना तो भरपूर घालून दिला तरी त्या म्हणायच्या, साधीच आहे. एका वासाला तीक्ष्ण असलेलं नाक दुसऱ्या वासाला पूर्ण बंद असू शकतं, आणि ज्याचं त्याला ते माहीत नसतं. म्हणून एका माणसाच्या जिभेवर, मग तो मालक असो की चाळीस वर्षं मिसळ बनवणारा आचारी, लॉट पास करायचा नाही हे मी ठामपणे सांगते.

आता तुमच्या पाच जणांकडे येते.

तुम्ही त्यांना काय विचारलंत ते तुम्हीच लिहिलंय, "बघ रे, काही फरक वाटतो का?" मालकाने हातात वाटी देऊन असं विचारलं की नोकरीवरचा माणूस नाही म्हणतो, त्यात त्याची काही चूक नाही. आणि एकच वाटी दिली, शेजारी जुनी नव्हतीच, म्हणजे तुलना कालच्या आठवणीशी. चवीची आठवण शेजारी ठेवलेल्या वाटीपुढे फार कच्ची असते. वर ते सगळे सकाळपासून त्याच मसाल्याच्या खकाण्यात उभे, नाक आणि जीभ त्या वासाला केव्हाच सरावलेली. कांडप यंत्रावरच्या माणसाला शिंका येत नाहीत आणि दारातून आत आलेल्याला ठसका लागतो, तसं आहे ते. गिऱ्हाईक मात्र कोरं नाक घेऊन येतं.

शिवाय पाच माणसं म्हणजे फारच कमी. तीन वाट्यांतली वेगळी ओळखा अशी पद्धतशीर चाचणी घेतली असती तरी पाचातले चार बरोबर आल्याशिवाय मी काही बोलले नसते. आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची, पाचातल्या कुणाला कळलं नाही यावरून फरक नाही असं सिद्ध होत नाही, एवढंच होतं की तुम्ही तो शोधू शकला नाहीत. फरक आहे हे दाखवायला थोडी माणसं पुरतात, फरक नाही हे छातीठोकपणे म्हणायला खूप लागतात.

तिखटाचं तर वेगळंच प्रकरण आहे. तिखट ही जिभेची चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतला झोंबणारा पदार्थ कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला, म्हणजे जाणीव टिपणाऱ्या पेशीवरच्या ठिकाणाला, लागतो तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि तोच रिसेप्टर ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. म्हणून वाफाळता रस्सा जास्त झोंबतो आणि तोच कोमट झाला की मवाळ लागतो. तुम्ही एक वाटी पातेल्यातून काढलेली आणि दुसरी दहा मिनिटं ओट्यावर राहिलेली अशी तुलना केलीत तर मिरचीतला १० टक्के फरक त्या तापमानाखाली गाडला जाईल. दुसरं, तिखट साचत जातं. लगेच लगेच घास घेतले की आग वाढत जाते, आणि मध्ये काही मिनिटं थांबून परत घेतलं की जीभ बधिर झालेली असते. दोन्हीकडून फसवणूक. तिखटाचं माप स्कोव्हिल म्हणतात ना, विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढलं ते मुळात असंच होतं, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागायचं बंद होईपर्यंत. आजकाल मशीनवर मोजतात कारण जिभा थकतात.

आणि वजनात १० टक्के मिरची कमी म्हणजे तिखट १० टक्के कमी असं नाहीच. एका गोणीतली आणि दुसऱ्या गोणीतली मिरची सारखी तिखट नसते, देठ, बी, ओलावा, साठवण, सगळ्याने बदलतं. कमी केलेली मिरची नव्या गोणीतली असेल तर खरा फरक शून्य असेल नाहीतर पंचवीस टक्के असेल, काटा तुम्हाला ते सांगणार नाही.

पण मला खरं विचाराल तर तुमच्या गिऱ्हाइकाने जे पकडलं ते तिखट नसावं अशी माझी शंका आहे. तुम्ही कुठली मिरची कमी केली ते लिहिलं नाहीत. बहुतेक जण दोन तरी मिरच्या मिसळतात, रंगाला ब्याडगी आणि आगीला तेजा किंवा लवंगी. महाग पडते म्हणून ब्याडगी कमी केली असेल तर तिखट जेमतेम हललं असेल पण तर्रीचा लाल रंग उतरला असणार, आणि प्लेट समोर आल्या आल्या गिऱ्हाईक आधी तर्रीच बघतं. पहिला घास जायच्या आत डोळ्याने निकाल दिलेला असतो. फ्रान्समधला, २००१ साली छापलेला एक प्रयोग आहे, बोर्डो इथे वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, आणि त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. ते शिकलेले लोक होते. डोळा जिभेला सांगतो काय लागणार आहे, आणि जीभ ऐकते. म्हणून चव बदलली असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, फक्त कारण चवीतच असेल असं नाही.

आता माझी सगळ्यात कळकळीची गोष्ट. तुम्ही म्हणालात की आकड्याच्या आत राहून बदल करू. समजा मी तुम्हाला ५ टक्के बिनधोक म्हणून सांगितले. या दिवाळीला ५ टक्के कमी, कुणाला कळलं नाही. संक्रांतीला आणखी ५, कुणाला कळलं नाही, कारण तुलना दिवाळीच्या लॉटशी केली. गुढीपाडव्याला ५, आखाडाला ५. प्रत्येक वेळी कळणार नाही इतका फरक, आणि वर्षअखेर मूळ मसाल्याच्या साडेएक्याऐंशी टक्क्यांवर आलेले असाल, म्हणजे साडेअठरा टक्के कमी. मी हे एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय. आंब्याचं लोणचं होतं, मोहरीची डाळ, हिंग, तेल, प्रत्येक खरेदीत थोडंथोडं स्वस्त, प्रत्येक वेळी आमच्या पॅनलने आधीच्या लॉटशी तुलना करून फरक नाही असा शेरा दिला, आणि तो शेरा खराही होता. दोन वर्षांनी विक्री पडली. एका घरी जुनी सीलबंद बरणी सापडली, ती उघडून शेजारी ठेवली तर बाराच्या बारा जणांनी पहिल्या फटक्यात वेगळी ओळखली. जुनी बरणी मुरलेली होती हे मान्य, पण हिंग आणि मोहरीतली तफावत मुरण्याने होणारी नव्हती. त्या दोन वर्षांतल्या सगळ्या शेऱ्यांवर माझ्या सह्या आहेत. तेव्हापासून मी आधीच्या लॉटशी तुलना करत नाही, मूळ नमुन्याशी करते.

हेच शस्त्र चांगल्या कामालाही वापरता येतं बरं का. इंग्लंडमध्ये ब्रेड आणि तयार पदार्थांतलं मीठ २००३-०४ पासून कंपन्यांनी असंच हळूहळू उतरवलं, एकदम नाही, आणि लोकांचं रोजचं सरासरी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून २०११ पर्यंत ८.१ वर आलं. जिभेला काही आठवड्यांत नव्या पातळीची सवय होते. तुम्हाला मीठ कमी करायचं असेल तर मी स्वतः येऊन पायऱ्या आखून देईन. मिरची, खोबरं, लवंग हे पैशासाठी उतरवायला हीच वाट धरू नका.

आता करायचं काय ते सांगते. जुना मसाला अजून असेल तर आजच अर्धा किलो काढा, पाच-सहा छोट्या काचेच्या बरण्यांत गच्च भरा, तारीख घाला, फ्रीजरमध्ये ठेवा. एका वेळी एकच बरणी उघडायची. डीप फ्रीजरमध्येही मसाला कायमचा टिकत नाही, सुगंध कमी होतोच, म्हणून दर सहा महिन्यांनी मूळ प्रमाणाने, चांगल्या मिरचीचा, ताजा संदर्भ नमुना बनवायचा आणि जुन्याशी ताडून मगच जुना टाकायचा. प्रमाण वहीत लिहिलेलं पाहिजे, आचाऱ्याच्या हाताच्या अंदाजावर नको.

चाचणीला दुकानातली माणसं नकोत, शेजारपाजारचे, नात्यातले, कॉलेजची पोरं असे बारा जण गोळा करा, सर्दी झालेला नको, नुकतंच गुटखा-सिगरेट केलेला नको. वेळ सकाळी नाश्त्यानंतर दोनेक तासांनी. तिखटाला तीन वाट्यांची चाचणी मी शक्यतो टाळते कारण तिसऱ्या वाटीपर्यंत जीभ पेटलेली असते, तुम्ही दोनच वाट्या ठेवा आणि कुठली जास्त तिखट एवढंच विचारा. नुसतं वेगळी कुठली असं विचारण्यापेक्षा जास्त काय आहे असा नेमका प्रश्न विचारला की तीच माणसं त्याच नमुन्यांत जास्त वेळा बरोबर येतात, हे १९५३ साली कडू पाण्यावर केलेल्या प्रयोगातही दिसलं आणि मी रोज बघते. वाटी कळत नाही म्हणून सोडून द्यायची नाही, अंदाजाने का होईना एक निवडायलाच लावायची.

वाट्या एकसारख्या, रस्सा एकाच पातेल्याचा असल्यासारखा, तेवढंच पाणी, तेवढंच मीठ, तेवढंच उकळलेला, दोन्ही गरम पाण्याच्या परातीत ठेवून एकाच तापमानाला. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर पुरतो, दोन्ही ५५ अंशावर. प्रत्येक वाटीत तर्रीसकट दोन चमचे, आधी ढवळून, नाहीतर एकाला सगळं तेल आणि दुसऱ्याला सगळं पाणी. हा ढवळण्याचा मुद्दा बारीक वाटतो पण अमेरिकेत विल्यम केन यांनी १९७७ मध्ये वासावर हेच दाखवलं होतं, नाक मंद आहे असं समजत होते, फरक कळायला पंचवीस-तीस टक्के लागतात असं पुस्तकात होतं, त्यांनी नाकापर्यंत वास नेमका किती पोचतो ते मोजलं तेव्हा समजलं की नमुनाच दरवेळी कमीजास्त पोचत होता, तो स्थिर धरला की नाक ५ ते १० टक्क्यांपर्यंतही फरक सांगतं. आपण नाकाला नाव ठेवतो आणि चूक वाटीची असते.

वाट्यांवर अ आणि ब लिहू नका, एक आणि दोन तर मुळीच नको, लोक पहिल्याला आपोआप वरचा नंबर देतात. ४७२, ८१६ असे कुठलेही तीन आकडे टाका, आणि प्रत्येक माणसाला वेगळे. सहा जणांना जुना आधी, सहा जणांना नवा आधी. वाट्या भरणारा एक आणि समोर ठेवणारा दुसरा, म्हणजे ठेवणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळणार नाही. दोन वाट्यांच्या मध्ये निदान पाच मिनिटं, त्यात दोन घोट दूध किंवा बिनसाखरेचं दही, मग साळीच्या लाह्या आणि पाणी. पाण्याने तिखट जात नाही, दुधाने जातं. एका माणसाची दिवसाला एकच जोडी, जास्त नको.

रंगाचा प्रश्न वेगळा काढायला हीच चाचणी दोनदा घ्या. एकदा खोलीत लाल बल्ब लावून, बाकी उजेड बंद, म्हणजे तर्रीचा रंग दिसणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात. बारापैकी दहा किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा धरा, नशिबाने दहा यायची शक्यता शंभरात दोनच्या आसपास आहे. सात ते नऊ आले तर काहीच म्हणता येत नाही, आणखी बारा जण आणा आणि मग चोवीसपैकी सतरा लागतील. हा चोवीसचा आकडा आधी ठरवून सुरुवात केलीत तर सगळ्यात उत्तम. लाल बल्बखाली सहा-सात आणि उजेडात दहा-अकरा असं झालं तर तुमची गिऱ्हाइकं डोळ्याने बोलतायत, मग तेजा थोडी उतरवून ब्याडगी पूर्ववत करा, खर्च बहुतेक तिथल्या तिथे बसेल. लाल बल्बखालीही दहा किंवा जास्त आले तर जुनं प्रमाण परत आणा, आणि प्लेटमागे दोन रुपये वाढवा पण मसाल्याला हात लावू नका.

पहिल्या बारा जणांचे दोन्ही दिवसांचे आकडे आले की कळवा, आणि कमी केली ती ब्याडगी होती की तेजा तेही, शिवाय ती जुन्याच गोणीतली होती की नव्या हे आठवत असेल तर तेवढं नक्की लिहा.